बोटीतून खाडी आणि रोहित पक्षी: रावेरहून एवढं लांब जावं का?

केळीबागवाला | ११ जानेवारी, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या पुस्तकात रोहित पक्ष्यांचं चित्र आहे, गुलाबी. ते चित्र दाखवून तिने विचारलं, "पप्पा, हे खरे असतात की रंगवलेत?" मी म्हटलं खरे असतात, मुंबईकडे येतात. इथे माझं चुकलं. तेव्हापासून रोज एकच भुणभुण. चौकशी केली तर कळलं, ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून बोटीने ठाणे खाडीत फिरवतात आणि सोबत माहिती सांगणारा माणूस असतो.

घरात वडील आहेत, वय ७२. जन्म तापीकाठी गेला, पट्टीचे पोहणारे, पण समुद्र पाहिलेला नाही. त्यांनाही यायचंय. आईला बोटीची भीती वाटते, पण "तुम्ही सगळे गेलात तर मी घरी काय करू" म्हणून तीही तयार.

माझं स्वतःचं मत सांगतो. तास-सव्वा तासाच्या बोटीसाठी चारशे किलोमीटर जायचं, रात्रीची गाडी, वर मुक्काम, हे मला पटत नाही. पण घरात मतदान झालं आणि मी पडलो. तर कोणी गेलंय का? म्हाताऱ्या माणसांना बोटीत चढता येतं का? आणि तो माहितीवाला खरंच काही सांगतो, की नुसतं "डावीकडे बघा, उजवीकडे बघा"?

---

अहिराणी_गडी | ११ जानेवारी, रात्री ९.३२

काय भो, आठे तापीमा गुडघाभर पानी नही अन तुम्हले बोट पाहिजे! माले बी लई जा. डब्बा मी लयसू.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | ११ जानेवारी, रात्री ९.५०

रोहित बघायचाय तर वानखेडेला जा, ऐरोलीला कशाला?

(मारू नका. लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

---

हतनूरचा_बगळा | ११ जानेवारी, रात्री १०.२०

केळीबागवाले, तुमचं मत बरोबर होतं, मतदान चुकलं.

आपल्याच तापीवर, भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे. ४१ दरवाजे उघडले की बातमीत दिसतं तेच. पण हिवाळ्यात सकाळी सातला त्या पाणलोटाच्या काठावर किती जण उभे असतात? मी गेली बारा वर्षं जातोय. चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, पाणकावळे, शेकाटे, नशीब असेल तर मोठे थवे. तिकीट नाही, गर्दी नाही, घरून निघालात तर दुपारच्या जेवणाला परत. मुलीला आधी हे दाखवा. घरचं सोडून लोक लांबचं बघायला पळतात त्याचा मला राग येतो, म्हणून जरा तिरकं लिहिलं.

---

केळीबागवाला | ११ जानेवारी, रात्री १०.३५

@हतनूरचा_बगळा, राग मान्य. हतनूरला नेतोच, पुढच्या रविवारी. पण तिथे गुलाबी पक्षी मिळेल याची खात्री तुम्ही देणार का? कारण घरी कोर्ट बसलंय.

---

हतनूरचा_बगळा | ११ जानेवारी, रात्री १०.४१

खात्री नाही. :(

---

खाडीकाठचा_खान्देशी | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

मूळ गाव चोपडा, अठरा वर्षं ऐरोलीत. हा धागा माझ्यासाठीच निघालाय असं समजून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कॅलेंडरवर सुट्टी बघून तिकीट काढू नका. भरती-ओहोटी बघा. इथली बोट घड्याळावर नाही, पाण्यावर चालते. रोज वेळ बदलते. रोहित पक्षी खातात ते उथळ गाळात, गुडघाभर पाण्यात उभे राहून. पूर्ण भरती आली की तो गाळ बुडतो आणि पक्षी उठून आजूबाजूच्या तळ्यांकडे जातात, भांडुपकडे, नेरूळ-सीवूड्सकडे. पूर्ण ओहोटी असली की गाळ उघडा, पक्षी हजर, पण बोटीलाच पाणी नाही. मधला जो काळ असतो, पाणी चढताना किंवा उतरताना, तेवढाच उपयोगाचा. केंद्रवाले त्याप्रमाणेच फेऱ्या लावतात, म्हणून कधी सकाळी साडेसातची बोट तर कधी दुपारी तीनची. आधी फेरीची वेळ बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा. आपली मंडळी नेमकं उलटं करतात.

हंगाम नोव्हेंबर ते मे. नोव्हेंबरात तुरळक असतात, जानेवारीनंतर थवे भरतात. फेब्रुवारी-मार्च उत्तम. मे मध्येही असतात, पण तेव्हा इथला घाम आणि तुमच्याकडचं ऊन यात निवड करायची तर मी मत देणार नाही.

म्हाताऱ्यांचं म्हणाल तर जेट्टीवरून बोटीत एक पायरी उतरायची असते. पाण्याच्या उंचीप्रमाणे ती लहान-मोठी होते. खलाशी हात देतात. माझ्या सासूबाई ७५ व्या वर्षी चढल्या, गुडघ्याला पट्टा बांधून. लाइफ जॅकेट सगळ्यांना, तक्रार चालत नाही. आणि बोटीत संडास नसतो, हे आईंना आधी सांगा. सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच आहे.

इथलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या मधल्या भागात, मुंबईच्या बाजूला आहे. २०१५ साली जाहीर झालं, साधारण १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं तिसरं. पहिलं आपल्या वाटेवरचं नांदूर मधमेश्वर, दुसरं लोणार. येताना निफाडला उतरलात तर एका फेरीत दोन रामसर होतील, पण पोरगी दमेल.

---

मेहरूणची_बोरं | १२ जानेवारी, सकाळी ८.१२

वा, खाडीकाठचे भाऊ! हा प्रतिसाद जपून ठेवला.

एक शंका. रोहित म्हणायचं की अग्निपंख? आमच्या शाळेत बाई अग्निपंख म्हणायच्या.

---

खाडीकाठचा_खान्देशी | १२ जानेवारी, सकाळी ८.३०

दोन्ही चालतं. इथे दोन जाती येतात. लहान रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लालसर. मोठा रोहित उंच, फिका, चोच गुलाबी आणि टोक काळं. थव्यात बहुतेक लहानच.

---

आजी_ऑनलाइन (धुळे) | १२ जानेवारी, सकाळी ११.४०

रंगवलेत का, हा नातीचा प्रश्न मला फार आवडला. तिला सांग बाळा, एका अर्थाने रंगवलेलेच असतात. पिल्लू राखाडी असतं. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्यातला रंग पिसांत उतरतो, दोन-तीन वर्षं लागतात. खाताना डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि जिभेने पाणी पंपासारखं आत-बाहेर करून गाळून घेतात. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण प्रत्यक्ष पाहिले निवृत्तीनंतर. वर्गात किती पोरांना मी कोरडंच शिकवलं, असं त्या दिवशी वाटलं.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | १२ जानेवारी, दुपारी १.१०

म्हणजे मी रोज शेवभाजी खातो तर माझाही रंग तर्रीचा व्हायला पाहिजे.

आता गंमत सोडून माझा अनुभव. तीन वर्षांपूर्वी कोकणात गेलो होतो. कुठल्या खाडीत ते सांगत नाही, दोष माझाच होता. रस्त्यावर एक जण भेटला, "साहेब, खाडी फिरवतो, पक्षी, मगर, सगळं." भाव ठरला, बसलो. ना जॅकेट, ना माहितीवाला. भर दुपार आणि भर भरती. वरच्या प्रतिसादात लिहिलंय ते मला तेव्हा कुठे ठाऊक? पाणीच पाणी. अर्ध्या तासाने लांब एक पांढरा ठिपका दिसला. नाववाला म्हणाला, "तो बघा फ्लेमिंगो." जवळ गेलो तर बगळा. बायको म्हणाली, हा तर आपल्या शेतात ट्रॅक्टरच्या मागे फिरतो. मगरीचं विचारलं तर म्हणे ती काल होती.

परत येताना पाणी ओसरायला लागलं आणि बोट गाळात बसली. तासन्‌तास! नाववाला शांत, बिडी पेटवून म्हणाला, "आता भरती आली की जाऊ." पोरं रडायला लागली, पाण्याची बाटली एक. तेव्हापासून माहितीवाल्याशिवाय आणि पाण्याची वेळ विचारल्याशिवाय मी बाथटबमध्येही बसत नाही.

---

भुसावळ_जंक्शन | १२ जानेवारी, रात्री ८.००

रेल्वेत नोकरी, त्यामुळे पासवर बरीच भटकंती झाली. भुसावळचा एक फायदा सांगतो, हावड्याची गाडी दारातून जाते. सुंदरबन केलं २०१९ साली. हावडा, मग कॅनिंग, पुढे गोदखाली, तिथून बोट. तीन दिवस बोटीवरच राहायचं, स्वयंपाक तिथेच. वनखात्याचा मार्गदर्शक घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. वाघ दिसला का? नाही. चिखलात पाऊल दिसलं, ताजं. आमचा मार्गदर्शक म्हणाला, "तुम्ही त्याला पाहिलं नाही, त्याने तुम्हाला पाहिलं असेल." दर फेरीत हेच म्हणत असणार, पण अंगावर काटा आला हे खरं.

ओडिशातलं भितरकनिका मात्र त्याहून आवडलं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी, एकेक अशी की मालगाडीचा डबा आठवावा (थोडं वाढवून सांगतोय). ओहोटीला काठाच्या चिखलात ऊन खात पडलेल्या असतात. मे ते जुलै बंद असतं, मगरींचा विणीचा काळ, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत बेत आखू नका. माझ्या मेव्हण्याने आखला होता. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही, जणू मगरींना मीच सांगितलं होतं.

थोडक्यात, ऐरोली ही सुरुवातीला चांगली. एका दिवसात होते, पोरांना झेपते.

---

नर्मदाकाठ (धडगाव) | १२ जानेवारी, रात्री ९.४५

वाचतोय दोन दिवस. एक वेगळं लिहू का? खान्देशात बोट नाही असं पहिल्याच प्रतिसादात गमतीने आलंय. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली गावं आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याने ३३ गावं बाधित झाली. रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा बोट हीच एसटी झाली. बाजाराला बोट, शाळेच्या मास्तराला बोट, मतदानाच्या पेट्या बोटीने, बाळंतीण अडली तर बोट. तरंगता दवाखाना आहे आमच्याकडे.

मी ऐरोलीला गेलो होतो, संस्थेच्या प्रशिक्षणाला. सगळे फोटो काढत होते आणि मी आपला इंजिनाचा आवाज ऐकत होतो, कारण आमच्याकडे तो आवाज बदलला की पोटात गोळा येतो. तरी सहल मस्त झाली, नाही म्हणत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरून उरली होती. तेच जास्त लक्षात राहिलं.

---

आजी_ऑनलाइन | १२ जानेवारी, रात्री १०.०५

नर्मदाकाठ, असं लिहीत जा रे. आम्ही धुळ्यात बसून नंदुरबार म्हणजे फक्त मिरचीचा बाजार समजतो.

---

अभयारण्य_वाचवा | १३ जानेवारी, सकाळी ९.१५

सगळे कौतुक करताय, मी विरोधी पक्षात बसतो. पक्षी खायला येतात. त्यांच्या ताटात दिवसातून चार वेळा इंजिनाची बोट घालायची आणि तिला निसर्गशिक्षण म्हणायचं? लोक आरडाओरडा करतात, थवा उडाला की टाळ्या. उडाला म्हणजे त्याची खाण्याची वेळ गेली. पूर्वी तो खाडीत होता, लोक किनाऱ्यावर होते, सगळं ठीक होतं.

---

खाडीकाठचा_खान्देशी | १३ जानेवारी, सकाळी १०.५०

@अभयारण्य_वाचवा, टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण "सगळं ठीक होतं" याला असहमत. मी आलो तेव्हा या खाडीकाठी भराव पडत होता, राडारोडा टाकला जात होता, कांदळवन तोडून झोपड्या-गोदामं उठत होती. २०१२ साली वनखात्यात कांदळवनासाठी वेगळा कक्ष झाला, मग अभयारण्य, मग हे केंद्र. बोटीत बसलेला माणूस घरी जाऊन "तो चिखल म्हणजे मोकळी जमीन" असं म्हणत नाही. माझ्या सोसायटीतच फरक पाहिलाय. आधी सगळे म्हणायचे, ही झुडपं तोडली तर डास जातील.

चांगला मार्गदर्शक थव्यापासून लांबच वेग कमी करायला लावतो आणि बडबड्यांना गप्प करतो. मी गेलो त्या फेरीत त्याने एका काकांना फोनवरचं गाणं बंद करायला लावलं. काका रुसले, पक्षी नाही उडाले.

पक्ष्यांचा खरा धोका बोटीपेक्षा मोठा आहे. भरतीच्या वेळी ते ज्या तळ्यांवर टेकतात ती बुजवली जातायत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून जवळपास ४० रोहित मेले, ते तुम्ही वाचलं असेलच.

---

अभयारण्य_वाचवा | १३ जानेवारी, सकाळी ११.३०

तळ्यांचा मुद्दा बिनशर्त मान्य. बोटीचा अर्धा. इंजिनाऐवजी वल्ह्याची नाव असती तर पूर्ण मान्य केला असता. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका वल्हवत नेतात आणि कांदळवनाची माहिती सांगतात, ती खरी सफर.

---

मेहरूणची_बोरं | १३ जानेवारी, दुपारी १२.१५

पण कांदळवन म्हणजे नक्की काय? नुसती झुडपं बघायला काय मजा? (अज्ञानाबद्दल क्षमस्व, आमच्याकडे झुडूप म्हणजे बाभूळ.)

---

खाडीकाठचा_खान्देशी | १३ जानेवारी, दुपारी ३.४०

छान विचारलंत. कांदळवन म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं रान. बाभूळ मुळं पाण्याच्या शोधात खाली पाठवते ना? त्या रानातलं तिवर वर पाठवतं. चिखलात हवा नसते, म्हणून मुळांची टोकं पेन्सिलीसारखी जमिनीतून वर येतात आणि त्यातून झाड श्वास घेतं. ओहोटीला हजारो पेन्सिली उभ्या दिसतात. पानाची मागची बाजू चाटून बघितलीत तर खारट लागेल, आत आलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाची गंमत अजून वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखा कोंब लटकतो आणि मग गाळात पडतो. म्हणजे बाळंतपण माहेरीच. आणि पांढरी चिप्पी, जिला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष ठरवलं, तिची फुलं संध्याकाळी उमलतात.

आणि निवटी बघा, निवटी! मासा असून चिखलावर छातीजवळच्या परांच्या जोरावर सरपटत चालतो, उड्या मारतो. लहान पोरं रोहित विसरून निवटीच बघत बसतात.

---

भुसावळ_जंक्शन | १३ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

"बाळंतपण माहेरीच" हे भारी होतं.

---

अहिराणी_गडी | १३ जानेवारी, संध्याकाळी ७.०२

सगळं वाची टाकं. पन बोटनी येळ कशी काढतस ते कोनी सांगं नही. पंचांगमा लिखेल ऱ्हास का?

---

कोळीवाड्याचा_जावई | १३ जानेवारी, रात्री ९.१०

पंचांगातच असतं, अहिराणी भाऊ! मी पारोळ्याचा, सासुरवाडी उरणची. सासऱ्यांनी शिकवलेला ठोकताळा देतो. त्या दिवशीची तिथी घ्या, तिला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर ८ गुणिले ३ भागिले ४, सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या १५ धरा, सव्वाअकरा. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईच्या आसपास चालतं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकत जातं.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, सुस्त. सासरे आजही मोबाइलवर वेळ बघत नाहीत. मी बघतो आणि दर वेळी त्यांच्याशी जुळवून बघतो, ते हरत नाहीत.

---

केळीबागवाला | १३ जानेवारी, रात्री ९.५५

काय सांगू जावईबापू, हा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला आणि ते उठून भिंतीवरचं पंचांग काढून घेऊन आले. आता चष्मा लावून बसलेत. फेब्रुवारीतल्या सगळ्या तारखांच्या भरत्या काढतायत. आई म्हणतेय, जेवून घ्या आधी.

जायचं ठरलं. आभार सगळ्यांचे.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | १४ जानेवारी, सकाळी ८.००

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि परत आल्यावर वृत्तांत टाका, नाहीतर धागा अर्धवट सोडणाऱ्यांच्या यादीत नाव जाईल. यादी मोठी आहे, त्यात माझं चार वेळा आहे.

---

केळीबागवाला | १८ फेब्रुवारी, रात्री १०.१०

धागा वर काढतोय. जाऊन आलो. शनिवारी, १५ तारखेला. फेरी सव्वाअकराची मिळाली होती. आदल्या रात्री भुसावळहून गाडी, पहाटे ठाणे, तिथून लोकलने ऐरोली. बोट सुटेपर्यंत तिथल्या माहितीच्या दालनात वेळ गेला, मुलगी खेकड्यांच्या चित्रांपुढून हलेना.

आधी वडिलांचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला झोपू देणार नाहीत. माघ वद्य तृतीया होती. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. बोट सुटल्या सुटल्या त्यांनी मार्गदर्शकाला विचारलं, "पूर्ण भरती किती वाजता?" तो तरुण पोरगा म्हणाला, "आजोबा, पावणेदोनच्या सुमाराला." वडील म्हणाले, सव्वादोन. तो म्हणाला, माझ्याकडे तक्ता आहे. वडील म्हणाले, माझ्याकडे तिथी आहे. शेवटी त्या पोरानेच विचारलं, कसं काढलंत, आणि मागच्या बाकावर बसून हिशेब लिहून घेतला. परतीला सगळ्या बोटीला त्याने तो ठोकताळा सांगितला, "रावेरच्या आजोबांनी दिलेला" म्हणून. जावईबापू, तुमच्या सासऱ्यांचं श्रेय रावेरला आलं, माफी असावी.

आई बोटीत चढताना थांबली. पायरी हातभर खाली होती. खलाशाने हात पुढे केला तर म्हणे, "परक्याचा हात कशाला, ह्यांना सांगा." मग वडील आधी उतरले, त्यांनी हात दिला. लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत हात धरला असेल. त्यावर मी काही बोललो नाही, बायकोने डोळ्यांनीच गप्प केलं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं बगळे, पाणकावळे, शेकाटे, वर घारी. दोन्ही काठांना हिरवी भिंत आणि तिच्या मागे इमारती, पाण्यातून उभे विजेचे मनोरे. खाडीला वास येतो, खोटं कशाला सांगू. मुलगी "कुठेत, कुठेत" करून दमली. मी मनात म्हणतोय, झालं, आता घरी जाऊन मलाच ऐकावं लागणार. मग मार्गदर्शकाने हात वर केला, खलाशाने इंजिन मंद केलं. उजव्या बाजूला लांब काठालगत एक गुलाबी पट्टा होता. मला वाटलं कुंपणाची जाळी किंवा प्लॅस्टिक असेल. जवळ गेलो तसा तो पट्टा हलायला लागला.

किती होते ते मोजता येत नाही. सगळ्यांची डोकी खाली, उलटी, चालता चालता गाळ चाळत होती. आणि आवाज! मला कोणी आवाजाचं सांगितलं नव्हतं. बदकांच्या कळपासारखी एकसारखी कुरबुर. बोटीत कोणी बोलत नव्हतं. मुलीने माझ्या कानात विचारलं, "पप्पा, ते पांढरे आहेत ते अजून खाऊन झाले नाहीत का?" आजी_ऑनलाइन, तुमचा धडा तिला पाठ झालाय.

उडाले नाहीत, @अभयारण्य_वाचवा. दोन-चार टोकाचे सरकले तेवढंच. पण आमच्या मागून एक खासगी नाव आली, कुठली कोण जाणे, ती सरळ जवळ घुसली आणि मग अख्खा काठ उठला. पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला. दिसायला काय दिसलं ते सांगता येत नाही. पण मार्गदर्शकाचा चेहरा पडला होता. आणि खरं सांगायचं तर फोटो सगळ्यांनी तेव्हाच काढले, मीही काढला.

निवटी दिसली. आमच्या आईसाहेबांची आवड तीच. "हा मासा आपल्या गावच्या पोरांसारखा, पाण्यात ठेवला तर चिखलात येतो," म्हणाली.

परत येताना वडील बराच वेळ खाडीच्या तोंडाकडे बघत होते. मला म्हणाले, "आपली तापी सुरतेला अशीच मिळत असंल का?" मी म्हटलं असेल. "मग एकदा तिकडं जाऊ. हे दुसऱ्याचं पाणी झालं."

तर मूळ प्रश्न मीच विचारला होता, एवढं लांब जावं का. खर्चाचा हिशेब अजून केलेला नाही आणि बायकोने करू नका म्हणून सांगितलंय.

---

हतनूरचा_बगळा | १८ फेब्रुवारी, रात्री १०.३०

वाचून बरं वाटलं. हतनूरला कधी येताय? पुढचा रविवार म्हणाला होतात, त्याला महिना झाला.

---

केळीबागवाला | १८ फेब्रुवारी, रात्री १०.३४

या रविवारी. नक्की. वडील विचारतायत, हतनूरला भरती किती वाजता?

---

कोळीवाड्याचा_जावई | १८ फेब्रुवारी, रात्री १०.५२

धरणाची भरती जलसंपदावाले ठरवतात, तिथे तिथी चालत नाही.

सासऱ्यांना वृत्तांत वाचून दाखवला. म्हणाले, अर्धा तास चुकला म्हणून सांगताय? तक्ता छापणाऱ्याला विचारा.

---

नर्मदाकाठ | १९ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

सुरतेला तापी बघायला जाल तेव्हा वाटेत तापीकाठच्या प्रकाशा गावी थांबा. आणि आमच्याकडेही या एकदा, होळीनंतर. पक्षी दाखवायचं वचन नाही, बोटीत जागा आहे.

---

अहिराणी_गडी | १९ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

ते सगळं खरं भो. पन माले नेलं नही, अन डब्बानं काय व्हयनं?

---

केळीबागवाला | १९ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

भरीत आणि कळण्याच्या भाकरी नेल्या होत्या. बोटीत खायला बंदी, म्हणून ऐरोली स्टेशनच्या बाकड्यावर संपवल्या. दोन भाकरी तेवढ्या त्या मार्गदर्शक पोराने आधीच मागून घेतल्या होत्या. त्याची आजी पाचोऱ्याची निघाली.